मुलाने बबलगम गिळले : पोटात नेमके काय होते?

सहा वर्षांच्या मुलाच्या आईचे पत्र आले आहे. ओळख पटेल असे तपशील गाळून त्याचा आशय असा : सुट्टीत आत्याकडे गेलेल्या मुलाला आतेभावाने बबलगम दिले आणि खेळण्याच्या नादात मुलाने ते गिळले. घरी आल्यावर त्याने ही गोष्ट स्वतःहून सांगितली. ऐकताच आजीने ‘आता आतडी चिकटणार’ म्हणून कपाळाला हात लावला, वडिलांनी ‘निघालं नाही तर डॉक्टर पोट कापून काढतील’ असा दम भरला आणि घरात उपाय सुरू झाले. आधी मिठाचे पाणी पाजून उलटी काढण्याचा प्रयत्न झाला, मग केळी चारली गेली, मग रात्री एरंडेल दिले गेले. एरंडेलानंतर मुलाला एकदा पातळ शौचाला झाले, पण त्यात बबलगम दिसले नाही. या प्रकाराला आता आठवडा होत आला आहे. गेले तीन दिवस त्याला शौचाला झालेले नाही, तो पोट दुखते म्हणतो, जेवणात लक्ष नसते आणि संडासात जायचे नाव काढले की रडतो. आईचे प्रश्न असे : बबलगम आत चिकटून बसले असेल का? एक्स-रे किंवा सोनोग्राफी करून घ्यावी का? ते बाहेर पडावे म्हणून घरी आणखी काही देता येईल का? आणि नणंदेशी तेव्हापासून बोलणे बंद आहे, तिला याचा जाब विचारला तर त्यात काही चूक आहे का?

सप्रेम नमस्कार.

तुम्ही आठवडाभर ज्या काळजीत आहात ती पाहता पहिल्या प्रश्नाचे उत्तर लांबवणे योग्य नाही. एरवी निरोगी असलेल्या सहा वर्षांच्या मुलाने एक बबलगम गिळले, तर ते त्याच्या आतड्याला चिकटून बसत नाही. तुमच्या मुलाच्या पोटातून ते बहुधा केव्हाच बाहेर पडले आहे; कदाचित ते त्या पातळ शौचाबरोबरच गेले असेल आणि इतर मळात मिसळल्यामुळे तुम्हाला ओळखता आले नसेल. त्याच्या पोटात दुखते आहे हे मात्र खरे आहे, ते खोटे किंवा लाडाचे समजू नका. माझ्या मते त्या दुखण्याचे कारण बबलगम नसून दुसरेच आहे, आणि तुमच्या पत्रातला तोच भाग वाचून मला अधिक काळजी वाटली. त्याकडे मी येणारच आहे, पण त्याआधी पोटात काय घडते ते नीट समजून घेऊ या, कारण ते समजल्याशिवाय तुमच्या घरातली भीती जाणार नाही आणि ती भीती गेल्याशिवाय मुलाचे पोटही सुधारणार नाही.

तोंडात टाकलेल्या बबलगमचा बराचसा भाग साखर, स्वाद, रंग आणि ते मऊ ठेवणारे घटक यांचा असतो. हे सगळे चघळता चघळता लाळेत विरघळते, पोटात जाते आणि इतर कोणत्याही गोड पदार्थाप्रमाणे पचते. मागे उरतो तो बेचव, रबरासारखा गोळा. तो पाण्यात विरघळत नाही, म्हणूनच तर अर्धा तास चावूनही तो तसाच राहतो. पूर्वी हा भाग मेक्सिको आणि ग्वाटेमाला इथल्या जंगलांतल्या चिकूच्या झाडाचा चीक आटवून बनवत असत. आपल्या डहाणू-घोलवडच्या वाड्यांमध्ये आज जो चिकू पिकतो, त्याच जातीचे ते झाड. दुसऱ्या महायुद्धानंतर त्या चिकाची जागा मुख्यतः कृत्रिम पदार्थांनी घेतली. पॉलिआयसोब्युटिलीन, पॉलिव्हिनाइल अॅसिटेट अशी त्यांची नावे असतात आणि त्यांत थोडी राळ व मेण मिसळलेले असते. ही नावे वाचून दचकायला होते, परंतु हे पदार्थ शरीरात शोषलेच जात नाहीत. जसे गिळले तसे ते पुढे जातात.

जठरात तीव्र हायड्रोक्लोरिक आम्ल असते आणि प्रथिने तोडणारे पेप्सिन असते. पुढे लहान आतड्यात पित्त आणि स्वादुपिंडातून येणारे पाचकरस मिसळतात. पिष्ट, प्रथिने आणि स्निग्ध पदार्थ या रसांनी सुटे होतात, पण बबलगमचा तो गोळा सुटा होत नाही, कारण त्याला तोडू शकेल असे विकर (एन्झाइम) माणसाच्या शरीरात नाही. तुमच्या सासूबाई ‘ते पचत नाही’ असे म्हणत असतील तर ते अगदी बरोबर आहे. मात्र ‘पचत नाही, म्हणजे आत राहते’ हे जे पुढचे पाऊल आपण सगळेच नकळत टाकतो, तिथे गफलत होते.

पचवणे आणि पुढे सरकवणे ही शरीराची दोन वेगवेगळी कामे आहेत, आणि दुसरे पहिल्यावर अवलंबून नसते. मक्याचे कणीस खाल्ल्यावर दाण्यांची साले दुसऱ्या दिवशी जशीच्या तशी पडलेली दिसतात. टोमॅटोची साल, पेरूच्या बिया, पालेभाजीतला चोथा यांपैकी कशातलाच तंतुमय भाग आपल्या पाचकरसांना तोडता येत नाही आणि तरीही तो आत साठून राहत नाही. उलट, असा न पचणारा चोथा पोटात जावा म्हणून तर आम्ही डॉक्टर मंडळी रोज सांगत असतो.

आतड्याच्या भिंतीत स्नायूंचे थर असतात. ते मागून आवळतात आणि पुढे सैल होतात, पुन्हा थोडे पुढे आवळतात आणि त्याच्या पुढे सैल होतात. पायजम्यात नाडी ओवताना आपण पिन हाताने न ओढता बाहेरून कापडाच्या चुण्या करत करत जशी पुढे नेतो, तसेच हे काम चालते. त्यासाठी आतली वस्तू पचलेली असण्याची गरज नसते. जठराची यात आणखी एक व्यवस्था आहे. जेवण झाल्यानंतर जठराचे खालचे तोंड फक्त बारीक झालेले अन्न पुढे सोडते आणि मोठे तुकडे मागे ठेवते. पण पोट रिकामे झाले की साधारण दर दीड ते दोन तासांनी स्नायूंची एक जोरकस लाट उठते आणि मागे राहिलेले न पचलेले सर्व काही पुढे लोटून देते. रिकाम्या पोटी जी गुरगुर ऐकू येते तिच्यात या लाटेचाही वाटा असतो. बबलगमचा गोळा बहुतेक वेळा अशाच एखाद्या लाटेबरोबर जठरातून निसटतो, लहान आतड्यातून काही तासांत जातो आणि मोठ्या आतड्यात मळात मिसळतो. तोंडातून आत गेल्यापासून बाहेर पडेपर्यंत सर्वसाधारणपणे एक ते तीन दिवस लागतात. ज्या मुलाला मुळातच बद्धकोष्ठ असते त्याला याहून थोडे जास्त लागू शकतात.

राहिला प्रश्न चिकटण्याचा. बबलगम केसांना, बाकाच्या खालच्या बाजूला, चपलेच्या तळाला कसे चिकटते ते आपण पाहिलेले असते आणि त्यावरून ते आतड्यालाही तसेच चिकटणार असे वाटणे स्वाभाविक आहे. पण जरा आठवून पाहा : तेच बबलगम अर्धा तास तोंडात घोळवले तरी ते जिभेला चिकटत नाही, टाळूला चिकटत नाही, गालाच्या आतल्या मऊ त्वचेलाही चिकटत नाही. याचे कारण या सर्व जागा ओल्या आणि बुळबुळीत असतात. जठर आणि आतडे तर आतून सर्वत्र श्लेष्माच्या थराने झाकलेले असतात, आणि तो थर सतत नव्याने तयार होत असतो. कोरड्या वस्तूला घट्ट धरणारा पदार्थ अशा ओलसर थरावर धरून राहू शकत नाही. सासूबाईंना हे सांगताना कच्च्या चिकूचे उदाहरण द्या. अर्धवट पिकलेला चिकू खाल्ला की त्याचा चीक ओठांच्या कडांना चिकटून राहतो आणि शेवटी खोबरेल तेल लावून काढावा लागतो; पण म्हणून घशात किंवा पोटात काही चिकटल्याचे त्यांनी कधी ऐकलेले नसेल. आमच्या पिढीला लहानपणी ‘बी गिळलीस तर पोटात झाड उगवेल’ असे सांगितले गेले, अमेरिकेत मुलांना गिळलेले च्युइंगम सात वर्षे पोटात राहते असे सांगतात, आणि आपल्याकडे आतडी चिकटतात. सासूबाईंना हे त्यांच्या मोठ्यांनी काळजीपोटीच सांगितले असणार, आणि त्यांनीही नातवाच्या काळजीपोटीच ते उच्चारले. त्यांना अडाणी ठरवून हा विषय मिटणार नाही, एवढे लक्षात असू द्या.

मग च्युइंगममुळे आतडे कधीच अडत नाही का? अडल्याची उदाहरणे आहेत, आणि ती लपवून तुम्हाला खोटा धीर देण्यात अर्थ नाही. अमेरिकेतल्या फ्लोरिडामधील बालरोग पोटविकारतज्ज्ञांनी 1998 साली ‘पेडिअॅट्रिक्स’ या वैद्यकीय नियतकालिकात अशा 3 मुलांची नोंद प्रसिद्ध केली. त्यातला साडेचार वर्षांचा एक मुलगा दोन वर्षे बद्धकोष्ठाने त्रस्त होता. शौचाला बसावे म्हणून बक्षीस म्हणून त्याला च्युइंगम दिले जाई, तो रोज 5 ते 7 च्युइंगम खाई आणि प्रत्येक गिळून टाकी. शेवटी त्याच्या गुदाशयात साठलेला चिवट गोळा भूल देऊन काढावा लागला. दुसरी मुलगीही त्याच वयाची होती आणि तिलाही च्युइंगम गिळण्याची सवय होती. तिसरी दीड वर्षांची होती. तिच्या अन्ननलिकेत च्युइंगमबरोबर 4 नाणी एकत्र चिकटून अडकली होती. या तिन्ही मुलांच्या बाबतीत काय घडले ते पाहा आणि तुमच्या मुलाशी ताडून पाहा. पहिल्या दोघांनी च्युइंगम वारंवार गिळले, एकावर एक गोळे साठत गेले, आणि पहिल्याचे तर पोटही आधीपासून साफ होत नव्हते. तिसरीने त्यासोबत न पचणाऱ्या कठीण वस्तू गिळल्या होत्या. तुमच्या पत्रात यातले काहीच नाही. तरीही मुलाला एकदा शांतपणे विचारा की याआधी त्याने कधी गिळले आहे का आणि किती वेळा. दम न देता विचारलेत तर तो खरे सांगेल, कारण या वेळीही त्याने आपण होऊनच सांगितले होते.

आता त्याच्या पोटदुखीकडे येते.

तुम्ही लिहिले आहे की एरंडेलानंतर त्याला पातळ झाले आणि आता गेले तीन दिवस काहीच झालेले नाही. एरंडेलाने मोठे आतडे एकदम रिकामे होते. रिकामे आतडे पुन्हा भरायला वेळ लागतो, आणि मूल नीट जेवत नसेल तर आणखी जास्त. त्यामुळे जुलाबानंतर एक-दोन दिवस शौचाला न होणे यात आजार काहीच नाही. परंतु त्याच वाक्याच्या पुढे तुम्ही जे लिहिले आहे ते मी पुन्हा पुन्हा वाचले : संडासात जायचे नाव काढले की तो रडतो. सहा वर्षांच्या मुलाने एका दिवसात काय काय ऐकले आणि सोसले ते त्याच्या बाजूने पाहा. आतडी चिकटणार आहेत. ते निघाले नाही तर पोट कापणार आहेत. खारट पाणी पाजून उलटी काढण्याचा प्रयत्न झाला. रात्री एरंडेल, मग पोटात कळा, मग पातळ शी, आणि ती शी मोठी माणसे वाकून तपासत आहेत, आणि त्यांना हवे ते तिच्यात सापडत नाही. संडासात जाणे ही त्या मुलासाठी आता रोजची साधी गोष्ट राहिलेली नाही. ती एक परीक्षा झाली आहे आणि त्यात नापास झाले तर शिक्षा शस्त्रक्रियेची आहे.

अशा वेळी लहान मुले शौचाची भावना झाली तरी ती दाबून धरतात. काही जण पाय आवळून उभे राहतात, काही टाचांवर चढतात, काही कोपऱ्यात जाऊन घामाघूम होतात, आणि पाहणाऱ्याला वाटते की मूल जोर करत आहे, पण शी होत नाही. प्रत्यक्षात ते जोर करत नसते, अडवत असते. अडवलेला मळ जितका जास्त काळ मोठ्या आतड्यात राहतो तितके त्यातले पाणी शोषले जाते आणि तो कडक होत जातो. कडक मळ बाहेर पडताना दुखते, दुखल्यामुळे पुढच्या वेळी मूल आणखी अडवते, आणि बघता बघता चार दिवसांची भीती काही महिन्यांच्या बद्धकोष्ठात बदलते. बालरोगतज्ज्ञांकडे येणाऱ्या बद्धकोष्ठाच्या मुलांपैकी बहुतेकांत आतड्याचा कोणताही रोग नसतो. कुठेतरी एकदा दुखलेले असते किंवा मूल घाबरलेले असते, आणि तेथून हे चक्र सुरू झालेले असते. तुमच्या मुलाचे चक्र नुकतेच सुरू होत आहे असे मला वाटते, आणि ते आत्ताच थांबवणे सोपे आहे.

म्हणून पहिला उपाय औषधाचा नाही, बोलण्याचा आहे, आणि तो वडिलांनी करावा. पोट कापण्याची गोष्ट त्यांनी सांगितली होती, तेव्हा ती मागेही त्यांनीच घेतली पाहिजे. तुम्ही सांगितलेत तर मूल मनात म्हणेल, ‘आईला माहीत नाही, बाबांना माहीत आहे.’ त्यांनी त्याला जवळ घेऊन सोप्या शब्दांत सांगावे : “तू गिळलेलं बबलगम पोटातून कधीच निघून गेलं. ते शीमध्ये मिसळून गेलं, म्हणून आम्हाला दिसलं नाही. कुणीही तुझं पोट कापणार नाही. मी तसं रागात बोललो, ते खरं नव्हतं. आणि तू आम्हाला येऊन सांगितलंस, हे फार चांगलं केलंस.” यातले शेवटचे वाक्य वगळू नका. उद्या त्याने याहून धोक्याची वस्तू गिळली, तर तो तुम्हाला तासाभरात सांगतो की भीतीने दिवसभर लपवतो, हे बऱ्याच अंशी या वेळी त्याला काय अनुभव आला यावर ठरणार आहे. आणि आजपासून त्याची शी तपासणे पूर्ण बंद करा.

दुसरे काम संडासातल्या सवयीचे. जेवण झाल्यावर मोठ्या आतड्याची हालचाल आपोआप वाढते, म्हणून सकाळच्या नाश्त्यानंतर आणि रात्रीच्या जेवणानंतर त्याला पाच-दहा मिनिटे निवांत बसू द्या. कमोड असेल तर पाय लोंबकळत राहू नयेत म्हणून खाली छोटे स्टूल किंवा पाट ठेवा. पाय टेकलेले आणि गुडघे थोडे वर आलेले असले की जोर करणे सोपे जाते. झाले तर शाबासकी द्या, नाही झाले तर तोंडातून चकार शब्द काढू नका. पाणी वाढवा. पपई, पेरू, भिजवलेले अंजीर किंवा मनुका, भाकरी, सालीची मुगाची उसळ यांतले जे तो आवडीने खातो ते द्या, आणि दूध-बिस्किटांवरच दिवस निघत असेल तर ते कमी करा. एवढे करूनही दोन दिवसांत शौचाला झाले नाही, किंवा कडक खडे पडून दुखू लागले, तर बालरोगतज्ज्ञांना दाखवा. मळ मऊ करणारी लॅक्टुलोज किंवा पॉलिइथिलीन ग्लायकॉलसारखी औषधे वजनाप्रमाणे मोजून ते देतील. या औषधांची आतड्याला सवय लागते असा जो समज आहे, त्यापायी ती मध्येच सोडू नका.

एरंडेल मात्र पुन्हा देऊ नका. ते आतड्याला डिवचून जोराने हलवते, त्याने कळा येतात, आणि तुमच्या मुलाला आत्ता पोटात कळ येण्याचीच भीती बसली आहे. मिठाच्या पाण्याबद्दल तर मला अधिक ठामपणे सांगितले पाहिजे, कारण हा उपाय अजूनही कित्येक घरांत केला जातो. जास्त मिठाचे पाणी पोटात राहिले तर लहान मुलाच्या रक्तातले सोडियम धोकादायक पातळीपर्यंत वाढू शकते, आणि उलटी काढताना पोटातला ऐवज श्वासनलिकेत जाण्याचा संभव असतो. मुलाने काहीही गिळले असले तरी घरी उलटी काढू नये, हा नियम बबलगमपुरता नसून सर्वच वस्तूंसाठी आहे. केळ्याने नुकसान काही नाही, पण केळे बबलगमला गुंडाळून बाहेर नेते असेही काही नाही.

एक्स-रे आणि सोनोग्राफीची आत्ता गरज नाही. एखादी तपासणी करावी की नाही हे ठरवताना मी नेहमी एकच गोष्ट पाहते : तिच्या निष्कर्षाने उपचार बदलणार आहेत का. इथे ते बदलणार नाहीत, मग मुलाला एक्स-रेचा किरणोत्सर्ग कशाला द्यायचा? शिवाय यंत्राखाली झोपवले की ‘म्हणजे आत काहीतरी आहेच’ ही त्याची समजूत पक्की होईल. मात्र पुढीलपैकी काहीही दिसले तर थांबू नका, त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्या : वारंवार उलट्या होणे, विशेषतः हिरवट उलटी; पोट फुगून ताठ होणे; शौचही नाही आणि वाराही सरत नाही अशी स्थिती; शौचातून रक्त; ताप; किंवा मूल कळवळून रडेल इतके पोट दुखणे. ही लक्षणे आतड्यात अडथळा असल्याची किंवा अपेंडिक्सला सूज आल्याची असू शकतात. ती बबलगम गिळलेल्या आणि न गिळलेल्या दोन्ही मुलांत सारखीच गंभीर मानावी.

तुमच्यासारखे इतर पालकही हे वाचत असतील, त्यांच्यासाठी आणि तुमच्यासाठीही एक गोष्ट सांगणे मला आवश्यक वाटते. बबलगमविषयीची आपली भीती पोटाकडे वळलेली आहे, आणि खरा धोका घशात असतो. धावताना, हसताना, उड्या मारताना किंवा आडवे पडून चघळताना ते अन्ननलिकेऐवजी श्वासनलिकेच्या तोंडाशी गेले तर काही मिनिटांत जिवावर बेतू शकते. शेंगदाणे, चणे, सुपारीचे खांड आणि फुटलेल्या फुग्याचे तुकडे यांच्या बाबतीतही हेच आहे. मूल जोरात खोकत असेल तर त्याला खोकू द्या, पाठीवर उगाच थापट्या मारू नका. खोकता येत नसेल, आवाज फुटत नसेल, ओठ निळे पडत असतील, तर कोणालातरी 108 ला फोन करायला सांगा आणि स्वतः लगेच सुरुवात करा : मुलाला पुढे वाकवून दोन्ही खांद्यांच्या मध्ये तळहाताच्या टाचेने 5 जोरदार फटके द्या, त्याने सुटले नाही तर मागून कवेत घेऊन बेंबीच्या थोड्या वर मूठ ठेवा आणि आत व वरच्या दिशेने 5 झटके द्या, आणि असे आळीपाळीने करत राहा. एक वर्षाखालील बाळाला पोटावर झटके देऊ नयेत. त्याला डोके खाली राहील असे हातावर पालथे धरून पाठीवर फटके द्यावेत, मग उताणे करून छातीच्या मध्यभागी दाब द्यावेत. वस्तू डोळ्यांना दिसत नसताना घशात बोट घालू नये, कारण ती आणखी आत ढकलली जाते. बबलगम गिळल्यानंतर खोकला थांबत नसेल, छातीतून शिट्टीसारखा आवाज येत असेल, लाळ गळत असेल किंवा गिळता येत नसेल, तर ते पोटात गेलेले नाही असे समजून थेट रुग्णालय गाठावे.

आणि ज्या वस्तू पोटात गेल्यावर खरोखर घाई करावी लागते त्या आपल्या घरांत बबलगमपेक्षा जास्त सहज पडलेल्या असतात. खेळण्यातली, रिमोटमधली किंवा घड्याळातली चपटी गोल बटण-बॅटरी अन्ननलिकेत अडकली तर दोन तासांच्या आत तिथली त्वचा खोलवर भाजून निघू शकते. एकापेक्षा जास्त लोहचुंबक गिळले गेले तर ते आतड्याच्या दोन वेगळ्या वळणांतून एकमेकांना ओढतात आणि मधली भिंत दबून तिला छिद्र पडते. अशा वेळी काहीही खायला-प्यायला न देता तडक रुग्णालयात जावे. तिथे एक्स-रे लागतो आणि तो त्याच क्षणी लागतो. घरात कोणी तंबाखू सोडण्यासाठी निकोटिनचे च्युइंगम खात असेल तर तेही औषधाच्या कपाटात कुलपात ठेवावे. त्यातल्या एकेका गोळीत 2 किंवा 4 मिलिग्रॅम निकोटिन असते, आणि मुलाने ती चघळली किंवा गिळली तर मळमळ व उलटीची वाट न पाहता डॉक्टरांना कळवावे.

बिनसाखरेच्या च्युइंगमबद्दल थोडेसे. दातांसाठी ते बरे असते, पण त्यातली सॉर्बिटॉल, मॅनिटॉल, झायलिटॉल ही गोडी आणणारी द्रव्ये आतड्यात पूर्ण शोषली जात नाहीत आणि पाणी ओढून घेतात, त्यामुळे पोट फुगते आणि जुलाब होतात. 2008 साली ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये बर्लिनच्या डॉक्टरांनी नोंदवलेली 21 वर्षांची एक तरुणी रोज 18 ते 20 ग्रॅम सॉर्बिटॉल पोटात जाईल इतके च्युइंगम चघळत होती, तिला अनेक महिने जुलाब होत होते आणि तिचे वजन 11 किलोंनी घटले होते. तिने ते गिळले नव्हते, फक्त चघळले होते. मुलाला कधी असे च्युइंगम देणार असाल तर पाकिटावर ही नावे वाचा आणि एकावर थांबा. घरात कुत्रा असेल तर झायलिटॉलचे च्युइंगम त्याच्या तोंडी लागणार नाही याची काळजी घ्या, कारण कुत्र्यांना ते विषासमान आहे.

राहता राहिल्या तुमच्या नणंदबाई. जाब विचारण्याजोगे त्यांनी काही केले आहे असे मला वाटत नाही. त्यांच्या मुलाने आपल्या मामेभावाला स्वतःच्या खाऊतले दिले, आणि सहा वर्षांच्या मुलाच्या हातून ते गिळले गेले, एवढेच घडले आहे. तुमचा राग मला समजतो. मुलाचे पोट दुखत असताना आईला कोणावर तरी राग काढावासा वाटतोच. पण या रुसव्याची झळ मुलाला लागत असेल. आपल्यामुळे आई आणि आत्या बोलत नाहीत हे त्याला कळत नसेल असे समजू नका, आणि ते ओझेही त्या पोटदुखीत सामील असू शकते. आजच फोन करा, त्याच्या समोर करा, आणि बोलणे झाल्यावर फोन त्याच्याही हातात द्या.

पुढे त्याला बबलगम द्यायचे की नाही, हा प्रश्न तुम्ही विचारलेला नाही, पण तो येणारच. साधारण पाच वर्षांपर्यंत मुलांना ‘चघळ, पण गिळू नकोस’ हे पाळणे जमत नाही, म्हणून त्या वयापर्यंत देऊच नये. तुमचा मुलगा ते वय ओलांडून गेला आहे. त्याची भीती गेली आणि पोट रुळले की, त्याला हवे असल्यास, एखाद्या दिवशी तुमच्या समोर एक द्या. ते बसून खायचे, खेळताना नाही. गोडी संपली की कागदात गुंडाळून कचऱ्याच्या डब्यात टाकायचे. आणि चुकून गिळलेच तर येऊन सांगायचे. आत्याच्या घरीही हेच तीन नियम लागू राहतील असे नणंदबाईंना फोनवरच सांगून ठेवा.